जुनी वसुली आणि आपला कागद

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात इटारसी येथे केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले की महागाई भत्ता, रिक्त जागा, ठेकेदारी असे विषय निघणार हे तुम्हाला ठाऊक असते. आज त्यातले काही बोलणार नाही. गेली तीन-चार वर्षे आमच्या युनियनच्या ऑफिसात बदली आणि क्वार्टर यांच्या खालोखाल एकच गाऱ्हाणे येते. "भाऊ, बँकेने कर्ज नाकारले, म्हणे सिबिल खराब आहे." विचारावे, कशाने खराब? तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे एखादे क्रेडिट कार्ड, एखाद्या फ्रिजचा हप्ता, किंवा मित्रासाठी केलेली सही. मी मॅट्रिक शिकलेला माणूस आहे, वकील नाही. पण या प्रकरणात मी स्वतः एक चूक केली आणि तिची किंमत माझ्या एका सहकाऱ्याने मोजली. ती चूक आधी कबूल करतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा अधिकार मिळेल.

आमच्या शाखेत एक ट्रॅकमन आहे. नाव सांगत नाही. २००७ साली स्टेशनाबाहेर टेबल मांडून बसलेल्या पोरांकडून त्याने एका खाजगी बँकेचे कार्ड घेतले. थोडे वापरले, पैसे भरले. २००९ साली बदली झाली तेव्हा बँकेला पत्र लिहून कार्ड परत केले, रजिस्टर एडीने. तो विसरला, पण बँकेचे मशीन विसरले नाही. वार्षिक फी लागत राहिली, फीवर दंड, दंडावर व्याज. बिले जुन्या क्वार्टरवर जात होती. तिथे दुसरे कुटुंब आले होते. पोस्टमन बंधूंनी "लेफ्ट" असा शेरा मारून ती परत केली असतील, त्यात त्यांचा काही दोष नाही.

२०२१ साली त्याला फोन सुरू झाले. वसुली एजंट म्हणाला, ६४ हजार भरा, नाहीतर डीआरएम ऑफिसला पत्र जाईल, नोकरी जाईल, पगार जप्त होईल. गडी रात्री दहा वाजता माझ्या दारात आला. मी काय केले? कागद मागितला नाही, हिशेब मागितला नाही. सेक्रेटरीच्या ऐटीत सांगून टाकले, "नोकरीपेक्षा पैसा मोठा नाही. तडजोड कर आणि मोकळा हो." त्याने सोसायटीचे कर्ज काढून २२ हजार भरले. एजंटने एक छापील कागद दिला, त्यावर सही घेतली. आम्ही दोघांनीही समजलो, मिटले.

२०२३ साली त्याच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी बाप सहकर्जदार. बँकेने अर्ज परत केला. बापाच्या नावावर "सेटल्ड" असा शेरा आहे, म्हणाले. सेटल्ड म्हणजे मिटलेले, मग अडचण कसली? तेव्हा त्या बँकेतल्या मुलीने समजावले की या शब्दाचा अर्थ उलटा आहे. पूर्ण पैसे न देता तडजोडीत कर्ज मिटवले, म्हणजे बँकेला खोट बसली, असा तो शेरा. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे "क्लोज्ड" लिहितात. म्हणजे जे पैसे तो देणेच लागत नव्हता, ते त्याने माझ्या सल्ल्याने भरले, आणि वर बुडव्याचा शिक्का घेतला. मुलाची पहिली फी पीएफमधून काढून भरावी लागली.

मग आम्ही जागे झालो. नोकरीच्या कागदांच्या ट्रंकेत, बदलीच्या ऑर्डरला टाचलेली ती २००९ ची पोचपावती सापडली. त्या एका गुलाबी कागदावर आम्ही भांडलो. बँकेने आधी दाद दिली नाही. लोकपालाकडे गेल्यावर शेरा बदलला. २२ हजार मात्र परत आले नाहीत, कारण स्वखुशीने भरले असे त्याने लिहून दिले होते. शेरा पुसला गेला, पण पैसे आणि वर्ष गेले. तेव्हापासून मी ठरवले, या विषयाची माहिती प्रत्येक शाखेपर्यंत न्यायची.

आता आधी भीती बाजूला करू, कारण वसुलीवाल्याचे सारे भांडवल आपली भीती आहे. त्याला आपला नियम १७ ठाऊक असतो. रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ मध्ये आणि पोस्टातल्या बंधूंना लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम १९६४ मध्ये, दोन्हीकडे नियम १७ हाच आहे. तो काय म्हणतो? नोकराने आपला व्यवहार असा ठेवावा की सतत कर्जबाजारीपणा किंवा दिवाळखोरी येऊ नये. आणि कर्जवसुलीसाठी त्याच्यावर कोर्टात कारवाई सुरू झाली तर त्याने ती खात्याला ताबडतोब कळवावी. एखादे वादग्रस्त कार्ड असले, एखाद्या एजंटने फोन केला, म्हणून नोकरी जाते असे त्या नियमात कुठेही नाही. पण कोर्टाचे समन्स आले तर लपवू नका, लेखी कळवा. लपवणे हाच गुन्हा ठरतो.

पगार जप्तीचेही तसेच. खाजगी देण्यासाठी पगाराला हात लावायचा तर दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तो झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाला अशा देण्यापोटी जप्ती लागत नाही. हे संरक्षण कुणी दान दिलेले नाही. पगाराच्या दिवशी फाटकावर काठी घेऊन पठाण सावकार उभा राहायचा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. कामगारांच्या कर्जबाजारीपणाचा प्रश्न १९३१ च्या व्हिटले कमिशनच्या अहवालापर्यंत गेला होता. त्यानंतर पगाराच्या रक्षणाचे कायदे आले. आज पठाण फाटकावर नाही. तो कॉम्प्युटरच्या आत बसला आहे, एवढाच फरक.

आणि फोन? रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. एजंटाकडे बँकेचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावे लागते. घरी आला तर पहिले वाक्य तुमचे असू द्या, "कागद दाखवा." न फेडलेले कर्ज हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस धरून नेत नाहीत. चेक परत गेल्याची बाब वेगळी, तिथे मात्र फौजदारी होऊ शकते. नोटीस आली तर वकील गाठा.

आता हा रिपोर्ट म्हणजे काय ते पाहू. आपण सगळ्याला सिबिल म्हणतो, जसे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. सिबिल ही २००० साली स्थापन झालेली कंपनी. पण अशा कंपन्या चार आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यावर २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा लागू आहे. त्या स्वतः काही शोधत नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या जे पाठवतात तेच छापतात. म्हणून चूक बहुतेक वेळा मूळ बँकेच्या वहीत असते, आणि तिथेच ती दुरुस्त करावी लागते. सिबिलच्या ऑफिसला शिव्या देऊन उपयोग नाही.

२०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. घरातल्या शिकलेल्या मुलीला मोबाईलवर काढायला सांगा. कंपनीच्या स्वतःच्याच वेबसाइटवरून काढा. वाटेत "फ्री स्कोअर" म्हणून जाहिराती येतात, त्यात नंबर देऊन अडकू नका. ३०० ते ९०० मधल्या आकड्याकडे पाहून घाबरू नका किंवा फुगू नका. आकड्यावर तक्रार चालत नाही. तक्रार चालते ती खालच्या ओळींवर. प्रत्येक खाते, त्याची तारीख, बाकी आणि शेरा, बोट ठेवून वाचा. पत्ता आणि पॅन नंबर आपलाच आहे का तेही पाहा.

जुनी वसुली दिसली तर ती तीनपैकी एका प्रकारची असते, आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

पहिला प्रकार, कर्ज आपले नव्हेच. नावाला नाव जुळले, पॅनचा एक आकडा चुकला, किंवा कुणी आपल्या झेरॉक्सवर कर्ज उचलले. इथे एक रुपयाही भरू नका. भरणे म्हणजे कर्ज माझे आहे असे म्हणणे. बँकेकडून मूळ अर्ज, सही आणि पैसे कुठल्या खात्यात गेले याची मागणी लेखी करा. फसवणूक असेल तर पोलिसात तक्रार द्या आणि तिची प्रत जोडा.

दुसरा प्रकार, कर्ज आपले होते, फिटले, पण बँकेने कळवले नाही. किंवा बंद केलेल्या कार्डावर फी चढत गेली, जशी आमच्या ट्रॅकमनच्या. इथे सारा खेळ कागदाचा. शेवटची पावती, नो ड्यूज सर्टिफिकेट, पासबुकातली नोंद, पगारातून कपात झाली असेल तर पगारपत्रक. आपण बदलीचे लोक. दर बदलीत पहिला बळी जुन्या कागदांचा जातो. भांडी टाका, पण पावत्या टाकू नका.

तिसरा प्रकार, कर्ज खरेच आपले आहे आणि फिटलेले नाही. इथे मी स्पष्ट बोलतो. युनियन कुणाला कर्ज बुडवायला शिकवत नाही. देणे खरे असेल तर नोंदही खरी आहे, आणि खरी नोंद तक्रारीने पुसली जात नाही. पण तिथेही हिशेब मागण्याचा हक्क आहे. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. भरायचे ठरले तर बँकेच्या खात्यातच भरा, एजंटाच्या हातात नाही. आणि भरण्यापूर्वी लेखी घ्या की किती भरल्यावर खाते "क्लोज्ड" दाखवणार. थोडक्यात मिटवाल तर "सेटल्ड" येणार, हे समजून मिटवा. कुणाची परिस्थितीच तशी असते, त्याला मी दोष देत नाही. पण माझ्या सहकाऱ्यासारखे आंधळेपणाने मिटवू नका.

याच ठिकाणी "राइट ऑफ" या शब्दाचा उलगडा करतो. वर्तमानपत्रात वाचतो की बड्या उद्योगपतींची कर्जे राइट ऑफ झाली, आणि आपल्या रिपोर्टवर तोच शब्द दिसला की वाटते, आपलेही माफ झाले. नाही. राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या वहीत ती रक्कम बुडीत धरली. देणे तसेच राहते, वसुलीही चालू राहते. हे उद्योगपतीलाही लागू आणि ट्रॅकमनलाही लागू. फक्त वसुलीचा फोन रात्री कुणाला येतो, ते तुम्हीच सांगा.

आता दोन गैरसमज. एक म्हणजे, "सात वर्षे झाली की नाव आपोआप निघते." हा नियम अमेरिकेतला. तिथे १९७० च्या कायद्याने बहुतेक जुन्या वसुलीच्या नोंदी सात वर्षांनंतर काढाव्या लागतात. आपल्याकडे सात वर्षांचा आकडा आहे, पण तो कमीत कमी माहिती जपून ठेवण्याचा आहे. तेवढ्यात पुसलीच पाहिजे असा नाही. म्हणून वाट पाहत बसू नका.

दुसरा गैरसमज तीन वर्षांच्या मुदतीचा. मुदत कायदा १९६३ प्रमाणे साध्या कर्जासाठी दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत गेली तर कोर्टाचा दरवाजा बँकेला बंद होतो, पण देणे आणि रिपोर्टवरची नोंद संपत नाही. शिवाय मुदत चालू असताना तुम्ही कर्ज लेखी कबूल केले किंवा थोडे पैसे भरले की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून. मुदत संपल्यावरही "मी भरीन" असे लिहून सही दिली तर ते नवे वचन तुम्हाला बांधते. म्हणून एजंट गोड बोलतो, "पाचशे भरा, फाइल शांत ठेवतो, इथे सही करा." ती सही पाचशेची नसते.

तक्रार कशी करायची? एका पानात. वर तारीख, रिपोर्टचा कंट्रोल नंबर, खाते क्रमांक. मग, नोंदीत काय लिहिले आहे, खरे काय आहे, आणि काय दुरुस्ती हवी. तीन वाक्ये पुरतात. रडगाणे नको, शिवीगाळ नको. पुराव्याच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीच देऊ नका. एक प्रत बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला, एक पतमाहिती कंपनीला. कंपनीकडे ऑनलाइनही करता येते, त्याचे पैसे पडत नाहीत. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पोस्टाने पाठवाल तर, २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा मागून घ्या. पोस्टातल्या बंधूंनो, तुमच्या एका शिक्क्यावर आमच्या माणसाची केस उभी राहिली, हे मी विसरलेलो नाही.

यापुढे घड्याळ तुमच्या बाजूने चालते. ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी. त्यात बँकेला २१ दिवस. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला, तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ३० दिवसांपुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला. बँकेने वेळ घालवला तर बँक देणार, कंपनीने घालवला तर कंपनी. हिशेब सोपा आहे. १ जूनला तक्रार केली, १ जुलैला ३० दिवस भरले, दुरुस्ती झाली २० ऑगस्टला. ५० दिवसांचे ५,००० रुपये. आमची केस या आदेशाच्या आधीची, आम्हाला ते मिळाले नाहीत. तुम्हाला मिळू शकतात. दुरुस्ती नाकारली तर बँकेने कारणही कळवले पाहिजे. कारण मागा. आणि दुरुस्ती झाली म्हणाले तरी चारही रिपोर्ट पुन्हा काढून पाहा.

३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन जमले नाही तर चंदीगडच्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला पत्राने तक्रार जाते. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. एकच अट लक्षात ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी. थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो.

दोन सावधगिरीचे शब्द सांगून संपवतो. पहिला, जामिनाचा. कराराच्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. त्याचा हप्ता थकला तर तुमच्या रिपोर्टवरही डाग येऊ शकतो. एका गँगमधला माणूस, एका सॉर्टिंगच्या टेबलावरचा मित्र, सही नाही कशी म्हणायची? म्हणू नका. पण दर सहा महिन्यांनी त्याच्या हप्त्याची चौकशी करायला लाजू नका. दुसरा, "सिबिल साफ करून देतो" म्हणून दोन-पाच हजार मागणाऱ्यांचा. तो तुमचाच अर्ज तुमच्याच नावाने करतो, जो तुम्हाला फुकट करता येतो. खरी नोंद त्यालाही पुसता येत नाही.

शाखांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक रविवार ठेवा. एक मोबाईल चालवणारा तरुण, एक अर्ज लिहिणारा जुना कारकून आणि एक वही. वहीत तक्रारीची तारीख आणि तिसावा दिवस लिहा. तिसाव्या दिवशी तक्रारदार विसरेल, पण शाखेने विसरू नये. आणि सेक्रेटरी मंडळींना हात जोडून सांगतो, रात्री दहा वाजता घाबरलेला माणूस दारात आला तर आधी त्याला पाणी द्या आणि म्हणा, "कागद आण, उद्या बघू." त्या रात्री मी एवढेच म्हणालो असतो तर एका घराचे २२ हजार वाचले असते.

तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात त्याने बापाचे चारही रिपोर्ट काढून मला आणून दाखवले. सगळीकडे "क्लोज्ड". बाप म्हणाला, "भाऊ, ती पावती आता फ्रेम करून लावू का?" मी म्हटले, फ्रेम नको, ट्रंकेतच ठेव. पुन्हा लागली तर सापडली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो.